मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीत या गोगलगायी कोणत्या?

मेहरूणकर
जळगाव. रीफ (प्रवाळाच्या) टाकीत चार दिवसांपासून गोगलगायी दिसताहेत, मी सोडलेल्या नाहीत. झोआ (दगडावर वाढणारे फुलांसारखे मऊ प्रवाळजीव) मिटून बसलेत. काढू की ठेवू? लवकर सांगा, परवा पुण्याला निघतोय.

रावेरचा केळीवाला
मीठ टाका. आमच्या बागेत पावसाळ्यात तेच करतो, जागच्या जागी विरघळतात.

मेहरूणकर
भाऊ, टाकीत मीठच आहे.

धुळे_रीफ
फोटू कुठंय भो? आकार, रंग काही नाही. वाळूतून सोंड काढून अन्न पडताच धावत येते ती नॅसारियस, ठेव. कानासारखं चपटं कवच नि पळायला चपळ असेल तर स्टोमाटेला, तीही ठेव. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी असेल तर पिरॅमिडेलिड, ती दुसऱ्या गोगलगायींचं रक्त शोषते. खारटपणा किती? तापमान?

मेहरूणकर
1.025. तापमान 29, कूलर लावूनही. फोटो हलतोय. नखाएवढी आहे, पांढरी-काळी.

जुना_मत्स्यप्रेमी
कॉपरचं औषध टाका, दोन दिवसांत सगळं साफ. मी गोल्डफिशला टाकलं होतं.

धुळे_रीफ
अजिबात नको! कॉपरनं झोआसकट सगळं मरेल, वर ते दगडात-वाळूत मुरून बसतं, नंतर झिरपत राहतं. गोल्डफिशचं इथे काय काम?

जुना_मत्स्यप्रेमी
मग दगड उकळून घ्या.

धुळे_रीफ
झोआ असलेला दगड उकळायचा?? त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, वाफ छातीत गेली तर दवाखाना गाठावा लागेल. दगडाला हात लावायचा तरी हातमोजे घालून.

कायदेपंडित
प्रवाळ पाळणंच बेकायदेशीर. 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात.

धुळे_रीफ
ते मुख्यतः कडक प्रवाळ. झोआ त्यात येत नाहीत. मेहरूणकर, काळी-पांढरी म्हणजे पट्टे की चौकोन? रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्चनं झोआच्या बुडाशी बघ.

भुसावळ_एक्सप्रेस
29 तापमान हाच खरा प्रॉब्लेम. माझ्याकडे मे महिन्यात 32 गेलं होतं, झाकण काढून पंखा लावला तर उतरलं. मात्र पाणी उडतं, रोज आरओचं गोडं पाणी भरावं लागतं.

मेहरूणकर
रात्री 11 ला बघितलं. दोन झोआच्या देठांना चिकटलेल्या. वरून गोल जिन्यासारखी, काळे-पांढरे चौकोन. उचलली तर आत शिरली, तोंडावरचं झाकण सपाट नाही, भोवऱ्यासारखं टोकदार.

धुळे_रीफ
सनडायल गोगलगाय! शास्त्रीय नाव हेलिअॅकस. झोआच खाते. चिमट्यानं काढ, दोन-तीन आठवडे रोज रात्री तपास. पुण्याला गेलास तर घरच्यांना टॉर्च देऊन जा.

मेहरूणकर
आईला दाखवलं. ती म्हणे, शिंपले कशाला वाटीत ठेवलेस, उद्या भरीत करायचंय. आतापर्यंत तीन सापडल्या. चौथी झोआच्या मागं आहे, चिमटा पोचत नाहीये.

रावेरचा केळीवाला
भरिताची वांगी कुठून घेता?