पट्ट्याचे मोकळे टोकही बांधायला हवे

गाडीतला माल बांधायचा पट्टा रॅचेटने (दांडा मागेपुढे करून पट्टा ताणणाऱ्या कळीने) आवळला की काम झाले, असे म्हटले जाते; ते अर्धेच खरे आहे. माल खाली दाबणारा पट्टा हौद्याच्या तळाशी काटकोनात असेल तेव्हाच त्याचा सगळा ताण कामी येतो, तळाशी ३० अंशांचाच कोन करून तिरका गेला तर दाब निम्मा होतो. शिवाय ब्रेकसरशी माल पुढे सरकतो, म्हणून टोमॅटोचे क्रेट केबिनमागच्या जाळीला भिडवूनच थर लावावेत.

उरलेल्या टोकाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. नारायणगावहून माळशेज घाट उतरताना आमच्या पिकअपचे वावभर सुटे टोक वाऱ्याने फाळक्यावर आपटत राहिले. खाली थांबून पाहिले तर कड विसकटून धागे निघाले होते. ते टोक मागच्या चाकात गुंडाळले गेले असते, तर पट्टाच ओढला जाऊन सगळा माल रस्त्यावर आला असता. तेव्हापासून मी टोकाची घट्ट गुंडाळी करून ती ताणलेल्या पट्ट्याखाली खोचतो आणि वरून रबराने बांधतो. पट्ट्याच्या मालावर न टेकणाऱ्या भागाला एक पीळ दिला, तर त्याची फडफडही कमी होते. क्रेट प्रवासात खाली बसतात, त्यामुळे २०-२५ किलोमीटरनंतर थांबून रॅचेट पुन्हा आवळावा.