मैदानात बसून पाहिलेली बेसबॉल मॅच: तुमची कोणती?

ओसरी
परवा तळघर आवरताना बाबांच्या डायरीत घडी घातलेलं एक स्कोअरकार्ड सापडलं. ६ सप्टेंबर १९९५, कॅमडन यार्ड्स, बाल्टिमोर. ओरिओल्स आणि कॅलिफोर्निया एंजल्स. सगळ्या खेळाडूंची नावं बाबांनी देवनागरीत लिहिलीयत.

बाबा दादरला कांगा लीगच्या मॅचेसचं स्कोअरिंग करायचे. त्या वर्षी आईबाबा पहिल्यांदाच इकडे अमेरिकेत आले होते. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाची मुलगी आजारी पडली आणि त्याची दोन तिकिटं आम्हाला मिळाली. मी आणि बाबा गेलो. गाडीत मी बाबांना एवढंच सांगितलं की ओरिओल्सचा कॅल रिपकेन १९८२ च्या मेपासून एकही मॅच न चुकवता खेळतोय, आजची २१३१ वी, आणि लू गेहरिगचा २१३० चा विक्रम १९३९ पासून कोणी मोडलेला नाही. बाबा म्हणाले, "तेरा वर्षं? एकदाही ताप आला नाही?"

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याकडून बाबांनी तीन इनिंगमध्ये सगळ्या खुणा शिकून घेतल्या. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा: शॉर्टस्टॉप ६, सेकंड बेस ४, फर्स्ट बेस ३. चौथ्या इनिंगला रिपकेनने होम रन मारला. मग पाचवीतली एंजल्सची बॅटिंग संपली. ओरिओल्स पुढे होते, म्हणजे आता पाऊस येऊन खेळ थांबला तरी मॅच धरली जाणार. राइट फील्डच्या मागे ते लांबच लांब विटांचं गोदाम आहे ना, त्याच्यावर मोठ्या आकड्यांचे पडदे टांगले होते. शेवटचा पडदा उलगडला आणि ० च्या जागी १ आला.

बावीस मिनिटं टाळ्या थांबल्या नाहीत. सोबतच्या खेळाडूंनी त्याला ढकलून बाहेर काढलं, मग तो कठड्याकडेच्या लोकांशी हात मिळवत अख्ख्या मैदानाला फेरी मारून आला. आदल्या वर्षी संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिकाच झाली नव्हती, लोक बेसबॉलवर फार रागावलेले होते. त्या रात्री तो राग उतरताना मी पाहिला.

कार्डात ओरिओल्सचा पाचव्या इनिंगचा रकाना कोरा आहे. बाबांनी जन्मात एक बॉल लिहायचा सोडला नसेल. त्या वेळी ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. काल तो कोरा रकाना बघत कितीतरी वेळ तशीच बसले.

तुमच्या मॅचेस लिहा ना. वाचायच्या आहेत.

चार्ल्सकाठची
ओसरी, डोळे भरले गं. 🙏

माझी १७ ऑक्टोबर २००४. फेनवे. बॉस्टनवाल्यांना पुढचं सांगायला नको. यांकीजविरुद्ध सात मॅचेसच्या मालिकेत आमचे रेड सॉक्स तीन-शून्यने मागे, आदल्या रात्री त्यांनी १९-८ असं धुतलेलं. नवरात्र चालू होतं आणि मला उपास, त्यामुळे त्या थंडीत रात्रभर फक्त भाजलेले शेंगदाणे. शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये एका रनने मागे, समोर यांकीजचा पिचर रिव्हेरा. मिलारला वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकटचा पहिला बेस), त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स. तो दुसरा बेस चोरणार (फटक्याची वाट न बघता पळत गाठणार) हे अख्ख्या फेनवेला माहीत, रिव्हेरालाही माहीत. तरी चोरला!! इंच दोन इंचांनी पोचला असेल. मग म्यूलरने बरोबरी केली आणि बाराव्या इनिंगला ऑर्टिझचा होम रन. रात्रीचा एक वाजून गेलेला. खाली ट्रेनपर्यंत अनोळखी लोक मिठ्या मारत चालले होते.

आणि दहा दिवसांनी वर्ल्ड सिरीज जिंकले, १९१८ नंतर पहिल्यांदा, ती कोजागिरीची पौर्णिमा होती आणि खग्रास चंद्रग्रहण! चंद्र लाल. मसाला दूध तयार, पण सासूबाई म्हणाल्या ग्रहण सुटल्याशिवाय कोणी तोंड लावायचं नाही.

मीठभाकर
मग प्यायलात कधी?

चार्ल्सकाठची
दोन वाजता. तोवर बाहेर हॉर्न चालूच.

कऱ्हाडकर
१७ ऑक्टोबरच, पण १९८९. सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क, जायंट्स आणि ओकलंडचे एज (अ‍ॅथलेटिक्स), वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच. सुरू व्हायचीच होती. ५ वाजून ४ मिनिटं. आम्ही वरच्या मजल्यावर. आधी वाटलं लोक पाय आपटतायत. पण मी आठ वर्षांचा असताना १९६७ साली कोयनेचा भूकंप कराडात पाहिला आहे. पहाटेची वेळ, आई आम्हा तिघांना ओढत अंगणात घेऊन आली होती. तो आवाज अंगाला ओळखीचा असतो. मी बसल्या जागी खुर्ची धरली.

हलणं थांबल्यावर लोकांनी आरोळ्या ठोकल्या, टाळ्या वाजवल्या. कोणाला कल्पनाच नव्हती. मग मागच्या एकाच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर कळलं की बे ब्रिजचा तुकडा पडला, आणि सगळे गप्प झाले. बायको फ्रीमाँटला घरी एकटी, सातवा महिना. फोन लागेना. दक्षिणेकडून सॅन होजेला वळसा घालून पोचायला साडेअकरा. ती शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेत घोंगडी पांघरून बसलेली होती. मला बघून म्हणाली, "जेवलास का?"

मॅच दहा दिवसांनी खेळवली. मी गेलो नाही. मुलगा डिसेंबरात झाला, आता पस्तीस पार.

पाऊसवेडा
कांगा लीग!! ओसरी, मीपण शिवाजी पार्कचा. बाबा कुठल्या क्लबचं करायचे?

पिट्सबर्गला मामाला घेऊन गेलो होतो तेव्हाचं आठवलं. पाऊस भुरभुरला, लगेच मैदानावर ताडपत्री. मामा खुर्चीतून उठून उभा: "अरे एवढ्यात कसलं थांबवता? आमची कांगा लीग पावसाळ्यातच असते!" पुढच्या रांगेतल्या बाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं, त्या म्हणाल्या तुमच्या मामांना अंपायर करा. दीड तास थांबलो. मामाने तेवढ्यात ग्राउंड्समनशी मैत्री केली.

ओसरी
@पाऊसवेडा एक क्लब असा नाही रे, जो बोलावेल त्याचं. छत्री, पेन्सिल आणि आईने दिलेला चिवडा.
@कऱ्हाडकर "जेवलास का"... 😭

शिकागोची सून
घाईत लिहितेय, कुकर लावलाय.
२३ जुलै २००९, व्हाइट सॉक्स. गुरुवार दुपार. पिचर मार्क ब्युअर्ले. सहाव्या इनिंगपर्यंत माझ्या लक्षातही नाही, फक्त आजूबाजूचे गप्प गप्प होत चालले. नवरा मोठ्याने म्हणाला, "अरे, ह्यांचा एकही माणूस बेसवर गेलेला नाही!" चार रांगा वळून बघायला लागल्या. परफेक्ट गेम चालू असताना तो शब्द काढायचा नसतो. मी म्हटलं अहो, नजर लागते, आपल्यासारखंच आहे.
मग नववीत पहिल्याच बॅट्समनने उचलला. ड्वेन वाइज त्याच इनिंगला सेंटरला आलेला. भिंतीवर उडी, बॉल ग्लोव्हमधून निसटला, पडता पडता दुसऱ्या हाताने धरला. नवऱ्याने तोवर तोंडावर रुमाल दाबून धरला होता.
शिट्टी झाली, आले

एकटा जीव
२१ सप्टेंबर २००१, शे स्टेडियम. अकरा तारखेनंतर न्यूयॉर्कमधली पहिली मॅच. मी दहा दिवस ऑफिस आणि खोली एवढंच करत होतो. रस्त्यात लोक बघायचे ते आवडायचं नाही. रूममेटने ओढून नेलं. मेट्सवाल्यांच्या डोक्यावर पोलिस आणि अग्निशमनवाल्यांच्या टोप्या. मॅचआधी दोन्ही टीम एकमेकांना भेटल्या. आठव्या इनिंगपर्यंत ओरडावं की नाही हेच लोकांना कळत नव्हतं. मग मेट्सच्या पियाझाने होम रन मारला. ३-२.
शेजारी अग्निशमन दलाचा टीशर्ट घातलेला दणकट माणूस होता, तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. त्याने मला उचललं. अक्षरशः उचललं. मी रडलो, तोपण.
त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

चार्ल्सकाठची
❤️ यांकीज असो मेट्स असो, त्या रात्री आम्हीपण तुमच्या बाजूने होतो.

मीठभाकर
एकटा जीव, मिठी.
मी बेसबॉलच्या मैदानात एकदाच गेले, पण क्रिकेट बघायला! नोव्हेंबर २०१५, सिटी फील्ड, सचिन आणि वॉर्नच्या टीम्स. मैदानात मधोमध आणून बसवलेलं पिच. सचिनची टीम हरली, पण तो बाहेर येताना "सचिऽऽन सचिन" सुरू झालं आणि सुरक्षारक्षक बाई मला विचारतायत हा माणूस कोण आहे. काय सांगू? शेवटी म्हटलं, आम्ही ह्याच्याबरोबर मोठे झालो.

पाऊसवेडा
इथे क्रिकेटचं चालणार असेल तर मला २ एप्रिल २०११ वानखेडे लिहायचंय, गरवारेकडे होतो

ओसरी
लिही की! विचारतोस काय.

पाऊसवेडा
रात्री लिहितो. मुलाला पोहायला सोडायचंय.

नवी वहिनी
सगळं वाचून काढलं. येत्या रविवारी लेकीला पहिल्यांदाच कॅमडन यार्ड्सला नेतेय, वय सहा. घरचं खायला नेऊ देतात का?

ओसरी
हो, तिथे नेऊ देतात, दारावर पिशवी बघतात. पुऱ्या आणि सुकी बटाट्याची भाजी ने, रसाचं काही नको. ऊन कुठल्या बाजूला येतं ते बघून जागा घे. आणि तिला पेन्सिल दे.