उत्तर: सुरुवात जुळते, शेवट सरकतो

तीन कॅमेरे आणि वेगळ्या रेकॉर्डरचा ऑडिओ जुळवला, तर शेवट का सरकतो, असं विचारलंय. वेव्हफॉर्म सिंक (आवाजाच्या लहरींच्या आकारावरून केलेली जुळणी) चुकलेला नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं सलग 40 मिनिटांचं शूटिंग सुरुवातीला जुळतं आणि शेवटी 4 फ्रेम सरकतं, म्हणजे ड्रिफ्ट, हळूहळू वाढत जाणारा फरक. प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. 25 एफपीएसवर (सेकंदाला 25 फ्रेम) 40 मिनिटं म्हणजे 60,000 फ्रेम, त्यात 4 चा फरक. स्पीड बदलून इतका बारीक फरक अनेकदा नीट बसत नाही. त्यापेक्षा दर 10 मिनिटांनी शांत जागा बघून रेकॉर्डरचा ऑडिओ कापा आणि तिथून पुढचा भाग एकेक फ्रेम सरकवा.

तिसरा कॅमेरा मोबाईल आहे ना? मोबाईलचा फ्रेमरेट कमीजास्त होतो, मग आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये तो कॉन्स्टंट (एकसारखा) करून घ्या, नाहीतर बाकीची मेहनत वाया.

हलगी वाजत असताना ऑटो सिंकवर डोळे मिटून विसंबू नका. ठेका तोच तोच येतो, सॉफ्टवेअर एक आवर्तन पुढचं पकडतं. घोषणा किंवा फटाक्याचा एकच बार शोधून तिथे मार्कर लावा.

शिवाय गच्चीवरचा कॅमेरा 30 मीटर लांब असेल तर त्याच्यात आवाजच सुमारे 87 मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे दोन फ्रेम. तिथे वेव्हफॉर्म नाही, हलगीवर पडणारी काडी बघून जुळवा.