दख्खनी लोकर घरी कातून कानटोपी विणायची आहे : सूत तुटतं, वीण तिरकी जाते, कपाळाला टोचते

माणदेशी_मेंढपाळ (दहिवडी, जि. सातारा)

नमस्कार मंडळी. लोकर दख्खनी मेंढरांची आहे, बहुतेक काळी, थोडी करडी. कातरणी दिवाळीच्या आधी झाली, काही मेंढरं तेवढी राहिली. व्यापाऱ्याच्या भावात कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून यंदा लोकर घरीच कातून थंडीसाठी कानटोप्या आणि मफलर विणायचे आहेत. आत्ताची पद्धत अशी : लोकर गार पाण्यात कपड्याच्या पावडरीने धुतली, बोटांनी सुटी केली आणि कापसाच्या पेटीचरख्यावर कातली.

सूत वीतभर निघालं की तुटतं. जे तुटत नाही ते तारेसारखं ताठ होतं आणि सैल सोडलं की स्वतःभोवतीच गुंडाळतं. विणलेली पट्टी धुतल्यावर एका अंगाला तिरकी जाते. कानटोपी कपाळाला टोचते ते वेगळंच. यातलं मेंढरांच्या जातीमुळे किती आणि करण्याच्या पद्धतीमुळे किती? घोंगडीला चालणारी लोकर कानटोपीला का चालू नये?

खळ_कुंचा (म्हसवड)

दादा, शेवटचा प्रश्न आधी घेतो. घोंगडी आपण कपड्यावरून पांघरतो, कानटोपी थेट कातडीला लागते. तंतूची जाडी साधारण ३० मायक्रॉनच्या पुढे गेली की त्याचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं. दख्खनी लोकरीत असे जाड तंतू भरपूर, शिवाय आतून पोकळ, ठिसूळ, चमक नसलेले केसही मिसळलेले असतात. ही जातीची देणगी आहे, कुठल्याही साबणाने जाडी कमी होत नाही. पण एकाच मेंढीच्या अंगावर सगळी लोकर सारखी नसते, आणि तिथेच आपल्याला वाव आहे.

मान आणि खांद्याची लोकर सर्वांत बारीक. पाठ आणि बरगड्यांची मध्यम. मांड्या आणि शेपटीकडची सर्वांत जाड व केसाळ. पोटाची आखूड आणि मळकी. कातरतानाच चार ढीग वेगळे पाडले तर काम सोपं होतं. आता सगळं एकत्र झालं असेल तर पांढऱ्या चादरीवर पसरून बटबट निवडा. (करडी लोकर काळ्या चादरीवर निवडा, नाहीतर केस दिसत नाहीत.) ताठ, सरळ, बिनचमकीचे केस ओढून बाजूला काढा. घरात कोकरांची पहिली कातरणी, म्हणजे जावळाची लोकर असेल तर कानटोपीसाठी तीच राखून ठेवा. ती मऊ असते, आणि तिची एक बाजू कधी कापलेली नसल्याने टोकं निमुळती असतात, म्हणून कमी टोचते.

निवडताना एक परीक्षा करा. पेन्सिलीएवढी बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटका द्या. टणक आवाज आला तर तंतू धड आहे. चरचर आवाज येऊन बट मध्येच विरली तर तंतू एका जागी कमजोर आहे. उन्हाळ्यात चारा तुटला किंवा मेंढी आजारी पडली की त्या काळात वाढलेला भाग बारीक राहतो आणि पुढे तिथेच तुटतो. अशी लोकर कातायला घेऊ नका, गादी-उशीत भरा.

दुसरं कारण कातरीचं. एकाच जागी कातर दोनदा फिरली की अर्ध्या इंचाचे तुकडे पडतात. ते सुतात गेले की गाठ होते आणि गाठीच्या शेजारी सूत तुटतं. निवडलेली लोकर जाळीच्या खाटेवर किंवा चाळणीवर झटकली की बरेचसे तुकडे खाली पडतात. दीड इंचाच्या आतलं काहीही सुतात घेऊ नका.

आता धुणं. कपड्याच्या पावडरीत खार जास्त असतो, त्याने लोकर खरखरीत होते. धुण्याचा सोडा नको आणि ब्लीच तर अजिबातच नको, त्यात लोकर विरघळते. किलोभर लोकरीला १०० ग्रॅम रिठ्याच्या साली रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळून घ्या आणि २० ते २५ लिटर गरम पाण्यात मिसळा. पाणी हात क्षणभरच बुडवता येईल इतकं गरम हवं. लोकर दाबून बुडवायची आणि वीस मिनिटं नुसती ठेवायची. चोळायची नाही, ढवळायची नाही. खळबळायचं पाणीही तेवढंच गरम घ्या. गरमातून एकदम गारात टाकली आणि वर चोळली की लोकर आवळून तिचा नमदा (घट्ट चिकटलेला थर) होतो. कापडात गुंडाळून पिळा आणि सावलीत वाळवा. मेंढरं कातरणीआधी ओढ्यात धुतली असतील तर किलोमागे २०० ते ३०० ग्रॅमची घट धरा, न धुता कातरली असतील तर जास्त.

आणि विणकामासाठी घोंगडीचं तयार सूत आणू नका. ते एकपदरी, कडक पिळाचं असतं, आणि मागावर ताणा (उभे धागे) टिकावा म्हणून त्याला चिंचोक्याची खळ (चिकट लेप) दिलेली असते. मागाला तेच लागतं. सुयांवर त्याचं काथ्यासारखं कापड होतं.

चाती_माळ (मिरज)

म्हसवडकरांनी लोकरीचं सांगितलं, मी कातण्याचं सांगतो. दादा, तुमच्या चारपैकी तीन अडचणी पिळाच्या आहेत.

पेटीचरखा कापसासाठी आहे. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा, तो धरून ठेवायला पीळ भरपूर लागतो, म्हणून त्या चरख्यात दोन चाकं लावून चातीचा (सूत जिच्यावर पिळलं आणि गुंडाळलं जातं त्या काडीचा) वेग वाढवलेला असतो. लोकरीला एवढा पीळ दिला की तार होते. एका मोठ्या चाकाचा खडा चरखा घ्या, त्याला जरा जाड चाती बसवा आणि चाक सावकाश फिरवा. चरखा नसेल तर टकळी उत्तम, पण कापसाची नको, ती फार हलकी असते. एक फूट लांबीची गुळगुळीत काडी, खाली तीन इंच व्यासाची लाकडी चकती, सगळं मिळून ४० ते ५० ग्रॅम. वरच्या टोकाला खाच किंवा आकडा. चकती मधोमध नसेल तर टकळी थरथरते आणि लगेच थांबते, म्हणून भोक नीट केंद्रात पाडा.

बोटांनी सुटी केलेली लोकर पुरत नाही, पिंजावी लागते. पिंजायचे तारेचे हातब्रश मिळाले नाहीत तर कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश चालतात. ब्रशवर लोकर पातळ पसरा, दुसऱ्याने हलकेच विंचरा, तीन-चारदा इकडून तिकडे घ्या आणि ब्रशवरून गुंडाळत पेळू (कातायची सैल गुंडाळी) काढा. पिंजण्याआधी किलोला ३० मिली तेल थोड्या कोमट पाण्यात फेटून शिंपडा आणि रात्रभर झाकून ठेवा. कोरडी लोकर हिवाळ्यात विजेने उडते, ब्रशला चिकटते आणि तंतू तुटतात.

कातताना एक हात चातीकडे, दुसऱ्या हातात पेळू. दोन हातांतलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त हवं. कमी असेल तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुमच्या दोन हातांत येतात, मग कितीही ओढा, लोकर सरकत नाही. आधी ओढून पातळ करा, मग पीळ सोडा. पीळ आधी पेळूत शिरला तर गाठोडं होतं.

तुटलेलं टोक बघा, कारण तिथेच कळतं. टोकाला मोकळ्या तंतूंची शेपटी लोंबत असेल तर पीळ कमी पडून तंतू घसरले. टोक कापल्यासारखं असेल तर पीळ जास्त झाला किंवा लोकर कमजोर होती. जोडताना दोन्ही टोकं तीन-चार इंच विसकटून एकावर एक ठेवा आणि मग पीळ द्या. गाठ मारू नका, विणताना ती नेमकी दर्शनी बाजूला येते.

विणकामाच्या सुताला इंचाला ५-६ पीळ पुरे. वीण तिरकी जाते ती एकपदरी सुतामुळे. सुतात दाबलेला पीळ उलगडायला बघतो आणि प्रत्येक टाका थोडा थोडा एकाच बाजूला वळवतो. यावर खरा उपाय एकच : सूत दोनपदरी करा. दोन्ही पदर घड्याळाच्या दिशेने कातले असतील तर एकत्र वळताना उलट दिशेने, इंचाला ३-४ पीळ. दोन पदर दोन वेगळ्या डब्यांत ठेवा आणि दोन्हींवर सारखा ताण धरा, नाहीतर एक सरळ राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती वेलीसारखा चढतो. सुताची लड (सैल वेटोळं) काढून हातावर लोंबकळती धरा. मोकळी राहिली तर पीळ जुळला. स्वतःभोवती फिरली तर परत चरख्यावर घ्या आणि ज्या बाजूला फिरते त्या बाजूला थोडा पीळ द्या.

काही जण एकपदरी ओल्या लडीला वजन टांगून वाळवतात. वाळल्यावर सूत सरळ दिसतं खरं, पण पीळ तिथेच असतो. पुढच्या धुण्यात वीण पुन्हा तिरकी. तुमची पट्टी धुतल्यावरच तिरकी झाली, कारण ओलं झालं की दबलेला पीळ जागा होतो. दोनपदरी लड गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, झटका आणि वजन न लावता वाळत घाला.

जत_पूर्व (जत, जि. सांगली)

तेलाबद्दल एक भर. खोबरेल नको, ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि आपल्याकडची पौषातली सकाळ त्याहून बरीच गार असते. लोकर चिकट गोळा होते. करडई आणि जवसाचं तेलही नको, हवा लागली की ते हळूहळू राळेसारखं घट्ट होतं आणि ठेवलेलं सूत कडक पडतं. शेंगदाण्याचं तेल घ्या आणि सूत झाल्यावर धुऊन काढा.

आणि कुणी माडग्याळ मेंढरांच्या लोकरीचा विचार करत असेल तर करू नका. ती जात मटणाची. लोकर आखूड आणि केसाळ, सूत धरत नाही.

सुया_कराड (कराड)

दादा, सूत दोनपदरी झालं की ते मोजपट्टीवर एकाशेजारी एक गुंडाळा, दाबू नका, ओढू नका. एका इंचात ९-१० वेढे बसले तर ६ नंबरच्या म्हणजे ५ मिलिमीटरच्या सुया घ्या. १२-१३ बसले तर ८ नंबर, म्हणजे ४ मिलिमीटर. घट्ट विणू नका. या लोकरीला लहर कमी, म्हणून लवचिकपणाही कमी. घट्ट विणली की पुठ्ठा होतो.

आधी २० टाक्यांचा, २४ ओळींचा नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मगच मोजा. समजा १० सेंटीमीटरमध्ये १५ टाके आले. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असेल तर कानटोपी ५० ची धरा. दीड टाका गुणिले ५०, म्हणजे ७५. काठाला दोन सुलटे दोन उलटे घालायचे तर चारने भाग जायला हवा, म्हणून ७६. काठ दोन नंबर बारीक सुयांवर विणा, म्हणजे ५ मिलिमीटरला ४ च्या सुया, कारण या सुतात काठ ताणला की परत आवळत नाही.

टोचण्यावर : काठाच्या आतून चार बोटं रुंदीची जुन्या मलमलीची पट्टी फिरवा, ती तिरप्या कापाची हवी म्हणजे डोक्यात घालताना ताणते. मफलर शर्टाच्या कॉलरवरून घ्या. मोजे मात्र या लोकरीचे करू नका, टाचेला पायताण घासलं की ठिसूळ केस तुटतात आणि भोक पडतं. मफलरला सगळ्या ओळी सुलट विणा. त्या विणीत दोन्ही बाजू सारख्या असतात, पिळात थोडा फरक राहिला तरी मफलर तिरका होत नाही, कडाही वळत नाहीत.

माणदेशी_मेंढपाळ

ताई, दादा, मनापासून आभार. आता कळलं कुठे काय चाललंय ते. अजून तीन गोष्टी सांगा. एका कानटोपीला आणि एका मफलरला कच्ची लोकर किती धरायची? चांगली लोकर निवडून थोडीच उरणार, तर उरलेली मेंढरं आत्ता, थंडीत कातरली तर चालतील का? आणि या राहिलेल्या मेंढरांना दिवाळीला लावलेला रंग निघत नाही, त्या लोकरीचं काय करायचं?

सुया_कराड

कानटोपीला १०० ते १२० ग्रॅम सूत, वीतभर रुंद आणि पाच फुटी मफलरला २०० ते २५० ग्रॅम. निवड, धुणं, पिंजणं यांत निम्म्याहून जास्त जातं, म्हणून कच्ची लोकर सुताच्या तिप्पट धरा.

वाघर_विटा (विटा, जि. सांगली)

आत्ता कातरू नका. कातरलेल्या मेंढीला अंगाची ऊब राखायला जास्त चारा खावा लागतो, आणि माळावर उघड्या वाघरीत (जाळीच्या कुंपणात) रात्र काढणाऱ्या मेंढरांना ते झेपत नाही. आधी नाकं वाहतात, मग फुप्फुसाचा दाह. गाभण मेंढ्या तर शेवटच्या दीड महिन्यात उलथ्या पाडूच नयेत, गर्भ टाकण्याची भीती असते. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यावरून हिशेब करा. होळीनंतर ऊन वाढलं की बघा.

कातरणीआधी दहा-बारा तास चारा बंद ठेवा. पोट भरलेली मेंढी पाठीवर घेतली की तिचा श्वास कोंडतो. अंगावर दव किंवा घाम असेल तर थांबा, ओली लोकर पोत्यात तापते आणि पिवळी पडते. कातर लागलीच तर जखमेवर लगेच पोव्हिडोन आयोडीन लावा. जखम उघडी राहिली तर माश्या बसून अळ्या होतात, आणि धनुर्वाताचा धोका वेगळाच.

पावसाळ्यानंतर कुसळी गवतात चरलेल्या मेंढरांच्या लोकरीत कुसळं अडकतात. धुण्याने ती निघत नाहीत, पिंजताना मोडून सुतात जातात आणि तीच टोचतात. ती कोरड्या लोकरीतूनच वेचायची. पुढच्या वर्षी कातरणीआधीचे पंधरा दिवस कळप कुसळीच्या माळावर घालू नका.

रंगाचं म्हणाल तर गेरू आणि हुरमुंज मातीचेच, बरेचसे धुऊन जातात, राहिलेली झाक काळ्या लोकरीत दिसत नाही. ऑइलपेंट किंवा डांबराच्या खुणा मात्र निघत नाहीत, ती बट कापून टाका. कातरणी सणाआधी नीट उरकली तर रंग नव्या लोकरीवर बसतो, म्हणून खूण करायची तर कपाळावर किंवा शिंगावर करा, पाठीवर नको.

खळ_कुंचा (म्हसवड)

एक राहिलं. निवडून उरलेली मांड्यांची लोकर न धुता साठवू नका, मळक्या लोकरीला कसर आधी लागते. धुऊन, कडक उन्हात दिवसभर तापवून घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला घाला, ओल्या पाल्याने बुरशी धरते. महिन्यातून एकदा पिशवी उघडून झटका. कसरीच्या अळ्या अंधारात आणि शांत जागी वाढतात. ही जाड लोकर चवाळं (जाडंभरडं अंथरायचं कापड) आणि जाड घोंगडीला चालते. सणगरांकडे (घोंगडी विणणाऱ्यांकडे) द्यायची तर काळी आणि करडी वेगळी बांधून द्या.