लाल खूण दिसली की लगेच डिलीट नको
अँटिव्हायरसच्या स्कॅनमध्ये लाल खूण आली की फाइल सरळ उडवा, असा सल्ला दिला जातो, पण तो मला पटत नाही. 2010 साली मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची सिस्टिम फाइलच व्हायरस ठरवली आणि कितीतरी मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली! म्हणून आधी क्वारंटाइन (म्हणजे फाइल न उडवता वेगळी बंद करून ठेवणं), मग व्हायरसटोटलवर तपासणी; ही वेबसाइट एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून देते. एकदोन इंजिनांनीच ‘जेनेरिक’सारखं मोघम नाव दिलं असेल, तर खोटा इशारा असण्याची शक्यता बरीच. पण फाइल अगदी ताजी असेल तर थांबा, दोनतीन दिवसांनी परत तपासा. खरा मालवेअरही (घातक सॉफ्टवेअर) सुरुवातीला मोजक्याच इंजिनांना सापडतो. खासगी कागदपत्रं मात्र तिथे कृपया चढवू नका, ती इतरांच्या हाती जाऊ शकतात. नुसता हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठशासारखा कोड, तिथे शोधला तरी चालतं.