बारावीशिवाय बी.ए.? पूर्वतयारी करू की १७ नंबर?

शिलाईवाली: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे. वय ३६. दहावी झाली की लग्न लागलं. आता लेकीचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक रात्री मीच वाचत बसते, ती झोपते! मला बी.ए. करायचंय. शेजारच्या अक्का म्हणतात, मुक्त विद्यापीठाचा ‘पूर्वतयारी’ अभ्यासक्रम केला की बी.ए.ला बारावी लागत नाही. खरं का? घरी कन्नड बोलतो, शाळा मराठीच.

नवी पेठेतला मास्तर: ताई, पूर्वतयारीवर पदवी झालेले ओळखीत आहेत. पण भरतीत बारावीची गुणपत्रिका मागितली की अडतात. माझं ऐकाल तर बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरा. परीक्षा राज्य मंडळाचीच, फक्त खासगी विद्यार्थी म्हणून. कला शाखा घ्या.

रात्रपाळी: मास्तर, इंग्रजीचं काय? त्यापेक्षा एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाची बारावी बरी. ५ विषय, त्यात एक भाषा, ती इंग्रजीच हवी असं नाही. नोंदणी ५ वर्षं चालते, एकेक विषय सोडवत जायचं.

शिलाईवाली: इंग्रजी लेक शिकवते म्हणाली, फी म्हणून शेंगाचटणी! १७ नंबरच भरते. शाळेचा दाखला माहेरी, मैंदर्गीला आहे. झेरॉक्स चालेल का?

नवी पेठेतला मास्तर: नाही, मूळ दाखलाच लागतो. दहावीची गुणपत्रिकाही आणा.