मदत हवी आहे: चॉकलेट कपकेक मधे खचतात, चवीला साबण लागतो आणि आयसिंग घसरतं

पुढच्या रविवारी भाचीचा वाढदिवस आहे. कपकेक मी करणार असं घरात सगळ्यांना सांगून बसले आहे, त्यामुळे आता माघार नाही. दोन डझन लागतील. साधे केक मला बरे जमतात, पण हे चॉकलेट कपकेक काही केल्या ताळ्यावर येत नाहीत.

एका व्हिडिओतलं माप वापरतेय, १२ कपकेकचं:
मैदा १५० ग्रॅम, कोको पावडर ४० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बेकिंग सोडा १ टीस्पून, चिमूटभर मीठ, तेल ८० मिली, अंडी २, दूध १८० मिली, व्हॅनिला. ओव्हन २०० अंशांना प्रीहीट करून २० मिनिटं.

होतं असं की दहा मिनिटांत ते टोकदार फुगतात, कडेने बॅटर ट्रेवर सांडतं, वर भेगा पडतात. बाहेर काढले की मधोमध खळगा. रंग सुरेख येतो, जवळजवळ काळा, पण खाल्ल्यावर जिभेवर मागाहून साबणासारखं काहीतरी राहतं. गार होईपर्यंत कागदाचे लायनरही सुटून फुलासारखे उघडतात.

आयसिंगची वेगळीच तऱ्हा. १२५ ग्रॅम बटर, २५० ग्रॅम आयसिंग शुगर, २ मोठे चमचे कोको, थोडं दूध. स्टार नोझलने काढलेलं फूल पाचेक मिनिटं छान दिसतं, मग पाकळ्या बसतात आणि सगळं एका बाजूला कलतं.

घरात सगळे "चव चांगली आहे गं" म्हणतात. ते प्रेमाने म्हणतात हे मला कळतं. तुम्ही खरं सांगा. अंडी चालतात, ओव्हन साधा आहे, पंखा नाही.

---

प्रतिसाद:
सोडा कमी करा. १५० ग्रॅम मैद्याला १ टीस्पून म्हणजे फारच. ओव्हनही १७५ वर आणा. बाकी जाणकार सांगतीलच.

---

प्रतिसाद:
कोकोच्या डब्यावरचे घटक वाचून सांगाल का? नुसतं "कोको" लिहिलंय, की अल्कलाइज्ड किंवा आम्लता नियंत्रक ५०१ किंवा ५०० असंही काही आहे? रंग काळपट येतोय म्हणून विचारतोय.

---

धागाकर्ती:
आहे! "आम्लता नियंत्रक ५०१". त्याचा इथे काय संबंध?

---

प्रतिसाद:
सगळा संबंध तिथेच आहे. ५०१ म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. तुमचा कोको डच-प्रोसेस्ड आहे, म्हणजे अल्कलीने त्यातला आंबटपणा काढून टाकलेला. (ही पद्धत एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन यांनी रूढ केली. १८२८चं कोकोतली चरबी दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंटही त्याच घरातलं. असो, विषयांतर.)

साधा कोको आंबट असतो. सोड्याला वायू सोडायला आम्ल लागतं, ते साध्या कोकोतून मिळतं. तुमच्या मापात कोको आंबट नाही, दूध आंबट नाही, दही किंवा व्हिनेगरही नाही. मग सोडा पुरता वापरलाच जात नाही. उरलेला सोडा म्हणजे तुमची ती साबणाची चव. रंग काळा पडतो तोही काही अंशी त्यामुळेच. व्हिडिओवाल्यांनी बहुधा साधा कोको घेतला असेल. तरीही त्यांचा सोडा मला जास्तच वाटतो.

सोडा पूर्ण काढा, दीड टीस्पून बेकिंग पावडर घाला. पावडरमध्ये आम्ल आधीच असतं, त्यामुळे कोको कुठलाही असो, फरक पडत नाही. डबा जुना असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली नाही तर नवीन आणा.

---

प्रतिसाद:
बेकिंग पावडरशी सहमत, पण नुसत्या पावडरचे कपकेक मला जरा कोरडे वाटतात. मी दुधाऐवजी ९० मिली दही आणि ९० मिली पाणी फेटून घेते, पाव टीस्पून सोडा आणि १ टीस्पून पावडर. दह्याने पोत फार मऊ येतो. ज्याची त्याची आवड.

---

प्रतिसाद:
दोन्ही चालेल. फक्त दोन्ही सल्ले एकाच घाण्यात मिसळू नका.

मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या बॅटरचं वजन कुणी केलं का? १५० + ४० + २००, तेलाचे साधारण ७३, दोन अंड्यांचे १००, दुधाचे १८५. म्हणजे ७५० ग्रॅमच्या आसपास. बाराने भागलं तर एका साच्यात ६२ ग्रॅम. नेहमीच्या कपकेकच्या साच्यात ५० ग्रॅम पुरतात, म्हणजे दोन तृतीयांश भरलेले. हे माप बाराचं नाहीच, पंधराचं आहे. सांडणार नाही तर काय होणार!

आणि २०० अंशांना कडा आधी शिजून घट्ट होतात, मधलं बॅटर अजून पातळ असतं. त्याला फुगायला वरच जागा उरते, म्हणून टोक आणि भेगा. १७०-१७५ वर, मधल्या जाळीवर, १८ ते २२ मिनिटं ठेवा. पहिली १५ मिनिटं दार उघडू नका. टूथपिकला ओलं बॅटर लागायला नको, एखाददुसरा मऊ कण लागला तर चालेल. शक्य असेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्या. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांचं जमतंच असं नाही.

लायनरचं कारण वाफ. पाच मिनिटांनी ट्रेमधून काढून जाळीवर ठेवायचे. ट्रेमध्येच गार होऊ दिले किंवा कोमट असताना डब्यात बंद केले की कागद ओला होऊन सुटतो.

हो, आणि मैदा घातल्यावर फेटत बसू नका. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा.

---

प्रतिसाद:
केकचं झालं, आता आयसिंग. बटर किती मऊ असतं तुमचं? "रूम टेंपरेचर" हे शब्द पाककृतींमधून हद्दपार करावेत अशा मताचा मी आहे. खोली तिशीच्या घरात असेल तर ते बटर नव्हे, तेल व्हायच्या बेतात असलेला गोळा असतो. बटर १८ ते २० अंशांचं हवं. बोटाने दाबलं तर खड्डा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये आणि बटर चकाकता कामा नये.

आधी नुसतं बटर पाचेक मिनिटं फेटा, फिकट होईपर्यंत. मग चाळलेली साखर आणि चाळलेला कोको दोन-तीन वेळा विभागून. दूध अगदी शेवटी, तेही लागलं तर चमचाभर. पातळ वाटलं तर आणखी साखर ओतू नका, नुसतं गोडमिट्ट होतं. अख्खं भांडं १०-१५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. उलट फुटल्यासारखं दाणेदार दिसलं तर बटर फार गार आहे. भांड्याला बाहेरून गरम फडका लावून फेटत राहा, जुळून येतं.

पायपिंग बॅग अर्धीच भरा. तळहाताची उष्णताही आयसिंगला पुरते. बॅग उभी धरून कडेपासून आत यायचं, आणि उचलण्याआधी दाब सोडायचा. तो नाही सोडला की वर शेपटी येते.

---

प्रतिसाद:
उकाडा असेल तर बटरक्रीमचा नाद सोडा, गनाश करा. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, साधं बटर त्याच्या बरंच आधी ढेपाळतं. डार्क चॉकलेट ४०० ग्रॅम बारीक चिरून, त्यावर २०० ग्रॅम क्रीम उकळी फुटायच्या आत उतरवून ओतायचं. दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर ढवळायचं. झाकून काही तास ठेवलं की नोझलने काढण्याइतकं घट्ट होतं. चोवीस कपकेकवर छोटी फुलं होतील, डोंगर नाही.

तेल सुटून फुटलं तर चमचा-चमचा कोमट दूध घालत ढवळा. चॉकलेट कंपाउंड असेल तर हे प्रमाण तसंच लागू होत नाही. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. आधी थोडंसं करून बघा.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! काल अर्ध्या मापात करून पाहिले. बेकिंग पावडर, ५० ग्रॅमचा साचा, १७५ अंश. सात झाले आणि थोडं बॅटर उरलं, म्हणजे वजनाचा हिशोब बरोबर निघाला. वर हलका घुमट, खळगा नाही, साबण नाही. रंग मात्र थोडा फिका झालाय, काळे दिसायचे ते आता तपकिरी. दूध गरम करून कोको त्यात कालवला तर रंग वाढेल का?

गनाशच करणार. शेवटचा प्रश्न: शनिवारी रात्री सजवून ठेवले तर चालतील? गाडीने तासभर न्यायचे आहेत.

---

प्रतिसाद:
गरम दुधात कालवल्याने रंगापेक्षा चव जास्त खुलते. निम्म्या दुधाऐवजी गरम काळी कॉफी घेतलीत तर आणखी छान, कॉफी म्हणून ओळखूही येत नाही. अंडी घालण्याआधी कोमट होऊ द्या, नाहीतर शिजतील. तपकिरी रंगाचं मनावर घेऊ नका, आधीचा काळा रंग काही प्रमाणात सोड्याचा होता.

शनिवारी रात्री सजवा, खुशाल. तेलाचा केक फ्रीजमध्ये बटरच्या केकसारखा दगड होत नाही. उंच डब्यात, एकमेकांना टेकतील असे ठेवा, झाकण लावून फ्रीजमध्ये. रविवारी डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडायचा नाही. बंदच राहू दे, म्हणजे पाणी डब्यावर जमेल, गनाशवर नाही. तासाभराच्या प्रवासात ते खाण्याजोगे मऊ होतील. रंगीत गोळ्या मात्र तिथे पोचल्यावरच भुरभुरा, रात्रभरात रंग सुटतो.